बेळगावातून सीजीसीकडे: मराठी इंद्रजालच्या ग्रेडिंगचं परीक्षण

कपाटात मराठी इंद्रजाल कॉमिक्सची चळत आहे, मध्येच काही कन्नड अंक आहेत, खाली अमर चित्र कथा. यातलं काय ग्रेडिंगसाठी अमेरिकेला पाठवावं, असं सीमाभागातले संग्राहक हल्ली वरचेवर विचारतात. आमचं मत आधीच सांगतो. कॉमिक्सचा दर्जा ठरवणाऱ्या सीजीसी या अमेरिकन कंपनीची सेवा चांगली आहे, पण मराठी इंद्रजालच्या बहुतेक प्रतींवर तो खर्च वाया जातो. मोजक्या प्रतींसाठी मात्र ती जरूर घ्यावी. त्या मोजक्या कोणत्या, हे घरीच भिंगाखाली ठरवता येतं.

फ्लोरिडातल्या सॅरासोटाची ही कंपनी २००० पासून कॉमिक्सना दर्जा देते. एकाहून जास्त परीक्षक अंक पाहतात, पानं मोजतात, कुठे रंग भरला आहे का, कडा कापल्या आहेत का, हे तपासतात. मग ०.५ ते १०.० या पट्टीवर गुण देतात आणि अंक कडक पारदर्शक केसमध्ये सीलबंद करतात. या केसला सगळे स्लॅब म्हणतात. लेबलवर गुणांशेजारी पानांचा रंगही येतो: पांढरा, ऑफ-व्हाइट, क्रीम, टॅन आणि सगळ्यात शेवटी ठिसूळ. निळं लेबल साधं, पिवळं कंपनीच्या साक्षीदारासमोर घेतलेल्या सहीचं, हिरवं एखादा मोठा दोष वेगळा नोंदवून दिलेलं आणि जांभळं दुरुस्ती केलेल्या अंकाचं. आपल्याकडच्या प्रतींना भीती या जांभळ्याची.

भाड्यानं कॉमिक्स देणाऱ्या एखाद्या जुन्या वाचनालयातून रद्दीत आलेला वेताळचा (म्हणजे फँटमचा) अंक समोर ठेवा. मुखपृष्ठावर रबरी शिक्का, कोपऱ्यात बॉलपेननं लिहिलेला नोंदणी क्रमांक. दोन्ही पिनांभोवती गंजाचं तपकिरी कडं. मधलं पान हलकेच उचललं तर पिनेपाशी कागद फाटून सुटलेला. कण्यापासून चार-पाच मिलिमीटरवर ओळीनं सुईची भोकं, कारण दहा-बारा अंक एकत्र शिवून त्यांचा एक बांधीव खंड केलेला होता. शिक्का आणि पेनचा क्रमांक यांनी गुण कमी होतात, पण अंक बाद होत नाही. सुटलेलं मधलं पान आणि गंज त्याला पट्टीच्या खालच्या अर्ध्यात नेतात. खरा घात बाइंडरच्या कटिंग मशीननं केलेला असतो. कडा कापलेला अंक सीजीसी दुरुस्त केलेल्यांत धरते आणि बाकी कितीही सुंदर असला तरी जांभळं लेबल लावते.

कडा कापल्या आहेत का, हे ओळखायला स्टीलची पट्टी पुरते. त्याच काळातला, न बांधलेला अंक शेजारी ठेवून रुंदी आणि उंची दोन्ही मोजा. दोन मिलिमीटरचा फरकही संशयाला पुरेसा आहे. मग कड उजेडात धरून बघा. पन्नास वर्षं हवेत असलेल्या न्यूजप्रिंटची कड पानाच्या मध्यापेक्षा गडद तपकिरी असते. कापलेली कड बहुधा पानाच्याच रंगाची दिसते. चित्राच्या चौकटीबाहेरची पांढरी जागा वर भरपूर आणि खाली जवळजवळ नाही, असं असेल तर तो अंक ग्रेडिंगच्या यादीतून काढा. वाचायला तो उत्तमच आहे.

आपल्या भागाची हवाही हिशेबात धरावी लागते. खानापूर, जांबोटी आणि बेळगाव शहराच्या पश्चिम बाजूला पावसाळाभर ओल इतकी असते की पिना गंजतात, कागदावर तपकिरी ठिपके येतात, कसर लागते. अथणी, रायबागकडे गंज कमी, पण उन्हाळ्याची उष्णता न्यूजप्रिंटमधल्या आम्लाचं काम वेगानं करते आणि पानं कडेनं तुटू लागतात. म्हणून पश्चिमेकडची प्रत घेताना आधी पिना बघा आणि पूर्वेकडची घेताना पानाचा कोपरा. कोपरा अलगद थोडासा वाकवला आणि तिथे रेघ उमटली किंवा कण सुटला, तर ते पान ठिसूळ झालं आहे. असा अंक विमानानं पाठवूच नये.

आता पाठवायचे कोणते. इंद्रजाल मार्च १९६४ मध्ये सुरू झालं, १९९० मध्ये बंद पडलं, आणि एकूण ८०३ अंक निघाले. १२३ आणि १२४ हे क्रमांक संपामुळे निघालेच नाहीत, तेव्हा ते शोधत बसू नका. सुरुवातीच्या सुमारे पन्नास अंकांची मुखपृष्ठं गोविंद ब्राह्मणियांची, बी. गोविंद या नावानं संग्राहकांत ओळखली जाणारी, आणि मलपृष्ठावर भिंतीवर लावण्याजोगं चित्र. आमच्या लेखी ग्रेडिंगचा पहिला हक्क यांचा. गोविंद यांचा वेताळ अमेरिकन चित्रपट्टीतल्या वेताळाची नक्कल वाटत नाही. अंगावर पडणारा प्रकाश, मागचं जंगल, घोड्याची मान, सगळं ब्रशनं रंगवलेल्या सिनेमाच्या पोस्टरच्या तोडीचं आहे. मलपृष्ठाचं चित्र मुलांनी कापून भिंतीला लावल्यामुळे पूर्ण प्रती कमी मिळतात, म्हणून आधी मागची बाजू बघा. यानंतरचा क्रम बहादूरचा. हे पात्र आबिद सुरतींनी १९७६ मध्ये उभं केलं आणि चित्रं पुन्हा गोविंद ब्राह्मणियांचीच. बहादूरच्या सुरुवातीच्या अंकांची कोरी प्रत मिळाली तर ती पाठवण्यासारखी आहे. ऐंशीच्या दशकात सलग क्रमांक जाऊन खंड आणि अंक अशी पद्धत आली. त्या काळातले अंक अजून रद्दीत सापडतात. त्यांना चांगलं पाकीट बस्स.

अमर चित्र कथेबाबत आम्ही जास्त कडक आहोत. या मालिकेची सुरुवात कन्नडमधून झाली. पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते, म्हणून अनंत पैंच्या संपादनाखालचा, राम वाईरकरांनी चितारलेला ‘कृष्ण’ ११ क्रमांकाचा. हुबळी-धारवाड-बेळगाव पट्ट्यात ते कन्नड परीकथा अंक दिसले तर अवस्था कशीही असो, सोडू नका. बाकी मराठी अंकांची पुनर्मुद्रणं इतकी झाली की पहिली छपाई सिद्ध करणं अवघड. ५०१ पासूनचे क्रमांक नंतरच्या पुनर्मुद्रणांचे असतात, आणि मुखपृष्ठावर इंडिया बुक हाऊस या प्रकाशकाचं नाव आहे एवढ्यावरून पहिली आवृत्ती ठरत नाही. चित्रकार प्रताप मुळीक आणि वाईरकर यांची कामं जपावीत, पण त्यासाठी स्लॅब लागत नाही.

बेळगावच्या संग्राहकाला एक संधी आहे जी पुण्या-मुंबईत सहज मिळत नाही: एकाच मुखपृष्ठाची मराठी आणि कन्नड जोडी. जोडी जुळवताना क्रमांकावर भिस्त ठेवू नका, चित्र शेजारी ठेवून पडताळा. चित्र एकच असलं तरी अक्षरपट्टा वेगळा असतो आणि रंगांची छपाईही कधी कधी सरकलेली असते. अशी जोडी एकाच अर्जात पाठवा आणि प्रत्येक ओळीत भाषा स्पष्ट लिहा. देवनागरी आणि कन्नड लिपी परीक्षकाला वाचता येईल हे गृहीत धरू नका. मालिकेचं नाव, क्रमांक, वर्ष, प्रकाशक आणि ‘मराठी आवृत्ती’ हे इंग्रजीत भरलंत तर लेबलवर चूक होण्याची शक्यता कमी.

फीबद्दल: १९७५ पासूनचे अंक मॉडर्न, त्याआधीचे व्हिंटेज, आणि व्हिंटेजचा दर जास्त. थेट पाठवायचं तर सशुल्क सभासदत्व लागतं, नाहीतर अधिकृत डीलरमार्फत जावं लागतं. त्यावर दोन्ही बाजूंचा विमा आणि टपालखर्च. दर बदलत असतात, त्यामुळे अर्ज भरायच्या दिवशीचे दर घेऊन एका अंकामागचा पूर्ण खर्च काढा. तो अंकाच्या आजच्या बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त होत असेल, तर विकण्यासाठी ग्रेडिंग करण्यात अर्थ नाही.

पाठवण्याआधी घरी काहीही दुरुस्त करू नका. सेलोटेप काढायला जाऊ नका, पिना बदलू नका, पांढऱ्या पडलेल्या घडीवर स्केचपेन फिरवू नका. रंग भरलेला परीक्षकाला दिसतोच. जिथे शाई तुटलेली नाही अशा चुण्या व्यावसायिक प्रेसिंगनं, म्हणजे नियंत्रित ओलावा, उष्णता आणि दाबानं, बऱ्याच सपाट होतात. शाई तुटलेली घडी जात नाही. घरच्या इस्त्रीनं मुखपृष्ठाची शाई चकाकते आणि ठिसूळ कणा फुटतो.

बांधणी अशी करा. अंक पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात, मागे आम्लरहित बोर्ड. पाकिटाच्या झाकणाच्या चिकटपट्टीचं टोक दुमडून ठेवा, म्हणजे उघडताना ती मुखपृष्ठाला चिकटणार नाही. अंक पाकिटातून काढतानाही फाटू शकतात. मग अंकापेक्षा सर्व बाजूंनी दीड सेंटिमीटर मोठे खोक्याचे दोन पुठ्ठे, एकाच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, आणि बाहेर किमान पाच सेंटिमीटर भरावाचं दुसरं खोकं. जून ते सप्टेंबर टाळा. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. टपालानं पाठवणार असाल तर अमेरिकेची पार्सल सेवा चालू आहे ना, हे आधी विचारा. २०२५ मध्ये ती काही काळ बंद होती. ‘ग्रेडिंगसाठी पाठवून परत येणार’ असं बिलावर लिहा आणि पाठवणीच्या सगळ्या कागदांच्या प्रती जपा. परतीच्या वेळी कस्टमला आपलाच माल परत येतो आहे हे दाखवायला तेच कागद लागतात.

स्लॅबचे दोषही सांगायला हवेत. आतल्या प्लास्टिकवर कधी कधी तेलाच्या तवंगासारखी रंगीत वलयं दिसतात. अंकाला त्यानं काही होत नाही, पण गोविंद यांच्या गडद निळ्या-जांभळ्या पार्श्वभूमीवर ती डोळ्यांना खुपतात. पातळ अंक केसमध्ये हलून कोपरे दुमडण्याचा धोका असतो, म्हणून स्लॅब हलवून बघू नका. आणि स्लॅब हवाबंद नाही. खानापुरात तो उघड्या शेल्फवर ठेवला तर ओल आत जाणारच, उन्हात ठेवला तर लाल रंग आधी उडणार.

स्लॅब न केलेल्या अंकांसाठी मायलर किंवा पॉलिप्रॉपिलीनचं पाकीट घ्या, स्टेशनरीतलं मऊ पीव्हीसी नको. त्यातला तेलकट अंश शाईला चिकटतो. मागे करड्या पुठ्ठ्याऐवजी कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेला बोर्ड. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीपासून थोडं पुढे आणि जमिनीपासून वर, आत आर्द्रतामापक आणि सिलिका जेल, ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवायचा प्रयत्न. कसर दिसली तर डांबर गोळ्या टाकू नका. अंक पाकिटात घट्ट बंद करून डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पाकीट उघडू नका, नाहीतर थंड कागदावर पाणी जमतं.

स्लॅब परत आला की त्याच दिवशी लेबलवरचं नाव, क्रमांक, वर्ष आणि भाषा तपासा आणि प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर पडताळा. दुसऱ्याकडून तयार स्लॅब घेतानाही हेच करा, कारण केस उघडून अंक बदलल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. कडेचा जोड भिंगानं सगळीकडून बघा. कुठे धूसर, ओरखडलेला किंवा पुन्हा चिकटवल्यासारखा दिसला तर पैसे देऊ नका. लेबलवर कंपनीची चूक असेल तर लगेच कळवा, उशीर झाला तर दुरुस्तीचा खर्च तुमच्याच अंगावर पडू शकतो.