८७ नगांचा स्लिप गेज संच: एका साचेवाल्याचा अभिप्राय

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत ठिबक सिंचनाच्या फिटिंगचे साचे बनवणाऱ्या आमच्या टूलरूमसाठी गेल्या वर्षी ग्रेड १ (अचूकतेची श्रेणी) चा, ८७ नगांचा पोलादी स्लिप गेज संच घेतला. स्लिप गेज म्हणजे ठरावीक जाडीचे अतिशय अचूक ठोकळे; ते एकमेकांना जोडून हवे ते माप तयार करता येते. स्लिप गेजला कॅलिब्रेशनचे, म्हणजे माप तपासून घेतल्याचे, प्रमाणपत्र हवेच. पण दोन नग एकमेकांना धरतात की नाही, यावरून त्यांच्या पृष्ठभागाची जी पारख टेबलावरच होते, ती कागदावर होत नाही.

दोन नग स्वच्छ पुसून, एकावर एक आडवे ठेवून, हलका दाब देत काटकोनात फिरवले की ते इतके घट्ट बसतात की वरचा उचलला तर खालचाही सोबत येतो. आमच्याकडे येणारा नवा माणूस हे पाहून हमखास विचारतो, ‘यामा चुंबक शे का?’ चुंबकाचा इथे काहीही संबंध नाही. उलट गेजमध्ये चुंबकत्व उतरले तर लोखंडाचा कीस पृष्ठभागावर बसून चिकटण्यालाच बाधा येते. हवेचा दाब हेही मुख्य कारण नव्हे, कारण निर्वातातही चिकटलेले नग सुटत नाहीत. लॅपिंग केलेले, म्हणजे बारीक भुकटीने घासून गुळगुळीत केलेले, हे पृष्ठभाग इतके सपाट असतात की त्यांच्यातील फट मायक्रोमीटरच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) काही शतांशांवर येते, आणि एवढ्या जवळिकीत धातूच्या रेणूंमधील आकर्षण व मध्ये उरलेल्या तेलाच्या किंवा बाष्पाच्या अतिसूक्ष्म थराचा पृष्ठताण ही दोन्ही बळे जोर धरतात. दोन ओली नाणीही एकमेकांना चिकटतात, परंतु त्यांची कड उंच आणि तोंडावर नक्षी असल्यामुळे खरा स्पर्श फार थोड्या जागी होतो आणि जराशा धक्क्याने ती सुटतात.

स्वीडनमधील एस्किलस्टूना येथील रायफल कारखान्यात काम करणारे कार्ल एडवर्ड योहान्सन यांना १८९६ मध्ये सुचलेली, मोजके नग जोडून हवे ते माप तयार करण्याची कल्पना याच चिकटण्यावर उभी आहे. ४१.२७८ मिलिमीटर हवे असेल तर १.००८, १.२७, ९ आणि ३० असे चार नग जोडायचे. सांध्यांची जाडी हिशेबात धरण्याइतकी नसते.

आमच्या संचातील जाड नग या कसोटीला पूर्ण उतरले. ०.५ मिलिमीटरचा नग मात्र पहिल्यापासून किंचित बाकलेला होता. मोठ्या नगावर दाबून बसवला तर धरतो, एरवी कोपऱ्यावर सुटतो. विक्रेत्याने तो बदलून दिला, पण त्यासाठी बराच पाठपुरावा करावा लागला. पेटीतील खाचा घट्ट असून पातळ नग नखाने उचकावे लागतात, ही रचना मला अजिबात पटली नाही.

खान्देशच्या उन्हाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. गेजचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस; पोलाद दर मीटरला दर अंशामागे साधारण ११.५ मायक्रोमीटर वाढते, म्हणजे मे महिन्यात ४५ अंशांच्या शेडमध्ये १०० मिलिमीटरचा जोड सुमारे २९ मायक्रोमीटरने लांब होतो. साचाही पोलादाचाच आणि त्याच तापमानाचा असेल तर हा फरक बहुतांशी कटतो. परंतु मशीनवरून नुकताच उतरवलेला गरम साचा लगेच मोजणे म्हणजे स्वतःची फसवणूक आहे. घामाच्या बोटांचे ठसे गंज आणतात, त्यामुळे काम झाल्यावर पुसून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. जोडलेले नग रात्रभर तसेच ठेवू नयेत, कारण कालांतराने ते सुटेनासे होतात. सोडवताना ओढू किंवा ठोकू नये, सरकवावे.

अधिक अचूक अशा ग्रेड ० च्या तुलनेत किंमत बरीच कमी असल्याने साचेकाम आणि मायक्रोमीटर या मोजमाप-उपकरणाची तपासणी करणाऱ्या कारखान्यांनी हा संच घ्यायला हरकत नाही. मात्र पैसे देण्यापूर्वी दुकानातच पातळ नग एकदा जोडून पाहावेत.