एलास्मोसॉरसच्या लाकडी सांगाड्याचा संच : चुका आहेत, तरी घ्यावा

दिवाळीच्या सुट्टीत भाच्यासाठी परभणीतल्या एका दुकानातून प्लायवुडचे तुकडे जोडून करायचा एलास्मोसॉरसचा सांगाडा ४५० रुपयांना घेतला. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘डायनासोर’ छापले आहे, ते चूक आहे. प्लेसिओसॉर गटातला हा प्राणी डायनासोरांच्याच काळातला खरा, पण समुद्रात राहून वल्ह्यांसारख्या चार अवयवांनी पोहणारा, वेगळ्या कुळातला सरपटणारा प्राणी होता.

तुकडे नीट कापलेले आहेत. कडा मात्र खरखरीत असल्याने पॉलिश पेपर जवळ ठेवावा. सगळा वेळ जातो तो मानेत. सुमारे दहा मीटर लांबीच्या या प्राण्याची मानच सात मीटरच्या आसपास होती आणि तिच्यात ७२ मणके होते. माणसाच्या, इतकेच काय जिराफाच्याही मानेत सातच असतात. संचात अठरा तुकड्यांवर भागवले आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पत्रकावरच्या चित्रात मात्र मान राजहंसासारखी वर वळवलेली आहे, आणि मणक्यांची रचना पाहता तशी ती वळत नसावी, असे अभ्यासकांचे मत आहे. खाचा घट्ट असल्यामुळे जोडलेली मान जवळपास सरळच राहते, म्हणजे चित्रापेक्षा लाकूडच अधिक खरे बोलते.

मोठा दोष म्हणजे कवटीची खाच मानेच्या आणि शेपटीच्या, दोन्ही टोकांना सारखीच बसते. भाच्याने कवटी बिनदिक्कत शेपटीला लावली आणि ‘मामा, झालं!’ म्हणून हाक मारली. मी हसलो नाही, कारण १८६८ मध्ये अमेरिकेतले जीवाश्मतज्ज्ञ एडवर्ड कोप यांनी कॅन्ससमध्ये सापडलेल्या याच प्राण्याच्या हाडांची मांडणी करताना हेच केले होते. दुसरे जीवाश्मतज्ज्ञ जोसेफ लायडी यांनी चूक दाखवल्यावर कोप त्या मांडणीवरच्या आपल्या लेखाच्या छापलेल्या प्रती परत विकत घेत फिरले. हा किस्सा ऐकल्यावर भाच्याने कवटी काढून पुढे लावली, तीही फेव्हिकॉल न लावता.

आपल्या विहिरीत असली हाडे निघतील का, असेही त्याने विचारले. मराठवाड्याच्या काळ्या मातीखालचा खडक लाव्हारसाचा आहे, त्यात सागरी प्राण्यांचे सांगाडे सापडायची आशा नाही, हे सांगताना मलाच वाईट वाटले.

दहा वर्षांच्या पुढच्या मुलांना हा संच जमेल. पत्रक फक्त इंग्रजीत आहे, तेव्हा पहिल्या दिवशी मोठ्यांपैकी कोणीतरी शेजारी बसावे.