एक-अक्षीय शेक टेबल: दोन वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

आमच्या स्थापत्य विभागाच्या प्रयोगशाळेत दोन वर्षांपासून एक-अक्षीय शेक टेबल, म्हणजे इमारतींच्या लहान प्रतिकृती भूकंपासारख्या एकाच दिशेत हलवून तपासण्याचे टेबल, वापरात आहे. ते सर्व्हो मोटर आणि बॉल स्क्रूवर चालते आणि मध्यापासून दोन्ही बाजूंना 75 मिलिमीटर सरकते. निर्मात्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण मला मांडायच्या त्रुटींचे मूळ नियंत्रणाच्या पद्धतीत आहे, आणि टेबल विकत घेताना नेमकी तीच पद्धत कोणी तपासून पाहत नाही. आम्हीही पाहिली नव्हती.

खरेदीच्या वेळी आम्ही टेबलाचा आकार, भारक्षमता आणि माहितीपत्रकातले ‘कमाल त्वरण 1 जी’ (1 जी म्हणजे गुरुत्वत्वरणाएवढे त्वरण) एवढेच वाचले. हे त्वरण प्रत्येक वारंवारतेला मिळत नाही. 1 हर्ट्झला 75 मिलिमीटरचा संपूर्ण स्ट्रोक, म्हणजे सरकण्याचा पल्ला, वापरला तरी जेमतेम 0.3 जी हाती लागते. उलट 10 हर्ट्झला 1 जी निर्माण करण्यासाठी अडीच मिलिमीटर हालचाल पुरते. म्हणजे कमी वारंवारतेला स्ट्रोक अपुरा पडतो आणि जास्त वारंवारतेला सगळी भिस्त नियंत्रकावर येते.

या टेबलाचा नियंत्रक एन्कोडरकडून, म्हणजे स्थान मोजणाऱ्या संवेदकाकडून, स्थान वाचतो आणि पीआयडी पद्धतीने, म्हणजे चुकीचा आकार, तिची साठत गेलेली बेरीज आणि तिच्या बदलाचा वेग पाहून, ती दुरुस्त करतो. 1940 सालच्या एल सेंट्रो भूकंपाची उत्तर-दक्षिण नोंद आम्ही सर्वप्रथम चालवली. एका प्रचलित संस्करणानुसार तिचे कमाल विस्थापन सुमारे 21 सेंटीमीटर आहे, जे या टेबलावर मावणारच नाही. मात्र प्रतिकृती 1:9 प्रमाणात असली आणि त्वरण मूळ ठेवले, तर विस्थापन नऊपट कमी होते आणि काळ तीनपट आकुंचित होतो. स्ट्रोकचा प्रश्न असा सुटला. पण त्याची किंमत म्हणून नोंदीतली प्रत्येक वारंवारता तिप्पट झाली. मागितलेल्या आणि मिळालेल्या विस्थापनाचे आलेख एकमेकांवर बसले, तेव्हा आम्हाला फार समाधान वाटले होते.

ते समाधान टेबलाच्या पृष्ठावर त्वरणमापक बसवेपर्यंतच टिकले. त्वरण वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे 15 हर्ट्झला अर्ध्या मिलिमीटरची चूक विस्थापनाच्या आलेखात रेषेच्या जाडीत लपून जाते, पण त्वरणात तीच चूक सुमारे 0.45 जी असते. 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपाची, धरणावरच नोंदली गेलेली आणि लहान आवर्तकाळांचा भरणा असलेली नोंद चालवली, तेव्हा हा दोष उघडा पडला: प्रतिसाद वर्णपटाचा (वेगवेगळ्या आवर्तकाळांच्या इमारतींना त्या नोंदीने किती कमाल धक्का बसेल हे दाखवणाऱ्या आलेखाचा) डावा भाग, म्हणजे ताठ इमारतींना सर्वाधिक महत्त्वाचा भाग, खाली दबलेला दिसला. महाराष्ट्रात काम करणाऱ्या प्रयोगशाळेला कोयनेची नोंद नीट उमटवता येऊ नये, याचे मला मनापासून वाईट वाटले.

भार चढवल्यावर अडचण आणखी वाढते. किल्लारी परिसरात 1993 साली कोसळलेल्या घरांसारख्या जाड दगडी भिंतींची प्रतिकृती टेबलाच्या मानाने जड असते आणि तिच्या नैसर्गिक वारंवारतेजवळ ती टेबललाच उलट ओढते, त्यामुळे तिथे मिळालेले त्वरण मागणीपासून दूर जाते. रिकाम्या टेबलावर लावलेली पीआयडीची मूल्ये अशा वेळी निरुपयोगी ठरतात. मोठ्या हायड्रॉलिक टेबलांत विस्थापन, वेग आणि त्वरण या तिन्ही राशींचा आधार घेतला जातो, शिवाय अॅक्च्युएटरमधील (टेबल ढकलणाऱ्या तेलाच्या दट्ट्यामधील) दाबाचा फरक वापरून तेलस्तंभाचे अनुनादही शमवले जाते. आमच्या नियंत्रकात यातले काहीच नाही.

तरीही हे टेबल मी बाद ठरवत नाही, आणि त्याचे कारण सॉफ्टवेअरमधील एक सोय आहे: चालवायची फाइल साध्या मजकुराच्या स्वरूपात आत देता येते. आम्ही प्रतिकृतीइतक्याच वस्तुमानाचा पोलादी भार टेबलावर बांधतो, कमी तीव्रतेचा यादृच्छिक संकेत सोडून टेबलाचे संक्रमण फलन, म्हणजे प्रत्येक वारंवारतेला मागणीच्या तुलनेत किती हालचाल मिळते हे, काढतो, त्याच्या व्यस्तानुसार फाइल सुधारतो आणि त्वरण पुरेसे जुळेपर्यंत ही फेरी पुन्हा करतो. या फेऱ्या खऱ्या प्रतिकृतीवर कधीही करू नयेत, कारण मुख्य चाचणीआधीच तिला तडे जातात आणि तडे गेल्यावर काढलेले फलन लागू राहत नाही. केवळ भार बांधल्याने प्रतिकृतीची उलट ओढ पूर्णपणे हिशेबात येत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते. तरी या पद्धतीने कोयनेचा वर्णपट बराच वर आला आहे.

मर्यादा-स्विच भरवशाचे आहेत. आपत्कालीन बटण मात्र टेबल हळूहळू न थांबवता झटक्याने थांबवते आणि तो झटका प्रतिकृतीला बसतो, त्यामुळे निर्मात्याने ही रचना बदलायला हवी.

असे टेबल घेऊ इच्छिणाऱ्या महाविद्यालयांनी प्रात्यक्षिक भारासहित मागावे, नोंद स्वतः न्यावी आणि त्वरणमापकही स्वतःचाच लावावा. आमच्याकडे आता प्रत्येक चाचणीच्या अहवालात मागितलेल्या आणि मिळालेल्या त्वरणाचे दोन्ही वर्णपट एकाच आलेखात जोडले जातात, आणि ते जुळत नसतील तर विद्यार्थ्याला प्रतिकृती टेबलावर चढवण्याची परवानगी मिळत नाही.