ऑटो चॅनलवाला राउटर: तीन स्टार, तेही उदार होऊन

घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो, सतरावा मजला, फोनमध्ये वायफायची लिस्ट उघडली की शेजाऱ्यांची पंचवीसेक नावं येतात. म्हणून हा राउटर घेतला, बॉक्सवर मोठ्या अक्षरात होतं की सगळ्यात मोकळं चॅनल (वायफाय ज्यावर चालतं तो लहरींचा पट्टा) स्वतःच शोधतो. तीन महिने वापरून लिहितोय.

शोधतो, खोटं नाही. पण कधी, तर पहाटे चारला! तेव्हा अख्खी सोसायटी झोपलेली, सगळीच चॅनल मोकळी, हा त्यातलं कुठलंतरी उचलतो आणि रात्री नऊला सगळे घरी आले की आमचा व्हिडिओ कॉल गोल गोल फिरत बसतो. म्हणजे पहाटेची रिकामी लोकल बघून पावणेनऊला ठाण्याहून खिडकी मिळेल असं धरून चालायचं. बरं दिवसा सारखं ऐकायला लावावं तर याच्यात ऐकायला वेगळा रेडिओ नाही, दुसऱ्या चॅनलवर कान लावला की तेवढा वेळ आपलं नेट अडकतं.

वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ बँडमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनल तीनच, 1, 6 आणि 11. याने एकदा चक्क 3 पकडलं, म्हणजे दोन्हीकडचा कचरा आपल्या दारात. आणि हा बहुतेक नुसती नावं मोजतो, 6 वर नऊ नेटवर्क दिसली म्हणून 11 वर गेला, जिथे दोनच होती पण एकजण दिवसभर सिरीज बघणारा. मी हाताने 6 लावलं, मस्त चाललं (मायक्रोवेव्ह चालू असताना सोडून).

खरी गंमत दुसऱ्या बँडला, 5 गिगाहर्ट्झला. 52 ते 64 आणि 100 ते 144 ही चॅनल रडारसोबत वाटून घ्यायची, तिथे जाण्याआधी किमान 1 मिनिट गप्प ऐकायचं, रडार ऐकू आलं की 10 सेकंदात गाशा गुंडाळायचा आणि 30 मिनिटं तिकडे फिरकायचं नाही. हा नियमच आहे, राउटरचा दोष नाही. शेजारी कोणी तिकडे नसतं त्यामुळे 100 वर स्पीड झकास, पण आठवड्यातून दोनदा तरी लॉगमध्ये रडार सापडल्याची नोंद आणि बायकोची मीटिंग तुटलेली. वेरावलीचं हवामान खात्याचं रडार डोंगर ओलांडून येतं की याला भास होतात, देव जाणे. शेवटी 149 वर ठेवलं, तिथे रडारची भानगड नाही.

रेंज चांगली, तापत नाही, म्हणून तीन स्टार. कस्टमर केअरला विचारलं, स्कॅनची वेळ रात्री नऊ करता येईल का, तर म्हणे सर, ऑटोवर ठेवा.