निळ्या गुलाबांचे पैसे मोजले, मिळाले रंगवलेले पांढरे

धाकट्या बहिणीच्या लग्नात फुलांची जबाबदारी मी हौसेने अंगावर घेतली, आणि त्यातच फसले. ज्यांच्या घरी लग्न ठरलं आहे त्यांना आधीच कळावं म्हणून झालं ते सगळं लिहिते आहे.

बहिणीला निळा रंग फार आवडतो. डेकोरेटरला एवढं कळताच त्याने मोबाइलवर गर्द निळ्या गुलाबांच्या कमानीचा फोटो दाखवला. "ताई, ही खास जात आहे, बाहेरून मागवावी लागते," असं म्हणून साध्या गुलाबाच्या जवळजवळ तिप्पट दर सांगितला. मी मान्य केला. अशी जातच नाही, हे मला लग्नानंतर वाचल्यावर कळलं. बहुतेक निळ्या फुलांमध्ये डेल्फिनिडिन नावाचं जे रंगद्रव्य असतं, ते गुलाबाला स्वतः तयारच करता येत नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने पॅन्झीच्या फुलातलं जनुक गुलाबात घालून केलेलं फूल २००४ मध्ये जाहीर केलं आणि २००९ मध्ये विकायला आणलं, पण तेही दिसायला फिकट जांभळंच आहे. म्हणजे गर्द निळा गुलाब कोणी दाखवला, की तो रंगवलेला आहे असं खुशाल समजा. रंगवलेलं फूल वाईटच असतं असं नाही. पण ते तसं सांगून, रंगवलेल्या फुलाच्याच दराने विकायला हवं.

लग्नाच्या दिवशी फुलं टवटवीत दिसावीत म्हणून डेकोरेटरच्या हाताखालच्या मुलांनी गुच्छावर पाणी फवारलं आणि बहिणीच्या बोटांना निळा रंग लागला. मी एक पाकळी उपटून पाहिली. बुडाशी पांढरी होती! वरवर रंगात बुडवलेलं फूल होतं ते. ओल्या पांढऱ्या रुमालाने एक फूल आधी पुसून पाहिलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. नमुन्याचं फूल मागायचं मला सुचलंच नाही.

कमानीतल्या गुलाबांनी तर दोन तासांतच माना टाकल्या. मागे हात घालून पाहिलं तर देठ खोचायचा हिरवा फोम जवळजवळ कोरडा होता आणि त्यात जागोजागी रिकामी भोकं होती. आधीच्या कुठल्यातरी समारंभातला फोम पुन्हा वापरला होता. हा फोम एकदा वाळला की पुन्हा नीट पाणी धरत नाही. नवा असला तरी तो पाण्यावर सोडून आपोआप बुडू द्यावा लागतो. दाबून बुडवला तर आत हवा अडकते आणि नेमक्या तिथल्या देठांना पाणी मिळत नाही.

लिलींचं तर मला आजही वाईट वाटतं. लिली कळीच्या रूपात येते आणि उमलायला काही दिवस घेते. म्हणूनच "तीन दिवस आधी माल आणून सांभाळतो" असं सांगून त्याने सांभाळणावळ वेगळी घेतली होती. प्रत्यक्षात समारंभभर घट्ट, हिरव्या कळ्याच होत्या. त्याच दिवशी आणल्या असणार.

संध्याकाळी मावसभाऊ आणि मी कमान उतरवून गुलाब मोजले. तोंडी ठरले होते चारशे. निघाले दोनशे तीस. वरच्या बाजूला, जिथे कोणाचा हात पोचत नाही, तिथे कापडी फुलं खोचलेली होती.

भांडायला कागद काढला तर त्यावर एवढंच: "गुलाब, लिली व इतर फुले, कमान १." ना जात, ना रंग, ना नग. माझी खरी चूक इथे झाली. कोणतं फूल, कोणत्या रंगाचं, किती दांड्या, ताजं की कापडी, आणि एखादं फूल मिळालं नाही तर त्याऐवजी कोणतं, हे सगळं लिहून घ्यायला हवं होतं. दुसरी चूक पैशांची. आदल्या रात्री "ताई, माल उचलायला रोख लागते" म्हणाला आणि मी उरलेली सगळी रक्कम देऊन टाकली. काही भाग तरी सजावट उभी राहिलेली पाहीपर्यंत हातात ठेवायचा. एकदा पैसे चुकते झाले की फोन कोण उचलतं? लग्नाच्या दिवशी तो स्वतः आलाच नाही, मुलांना पाठवलं. दुसऱ्या दिवशी एकदाच बोलला: "फुलं निसर्गाची असतात, थोडं इकडेतिकडे होणारच." त्यानंतर फोन बंद.

त्याने पाठवलेला कमानीचा फोटो मी नंतर इंटरनेटवर शोधून पाहिला. तोच फोटो आणखी तीन डेकोरेटरांनी आपलं काम म्हणून लावलेला होता. शोधायला मिनिटही लागलं नाही. त्याच्याकडे स्वतःच्या कामाचे फोटो, एकाच समारंभाचे वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले, मागायला हवे होते.

उतरवलेल्या कमानीचे, फोमचे आणि कापडी फुलांचे फोटो, पैसे दिल्याची नोंद आणि त्याचे सगळे मेसेज मी जपून ठेवले आहेत. ग्राहक तक्रारीचा अर्ज लिहून झाला आहे. त्याला बहिणीच्या बाहीवरच्या निळ्या डागाचा फोटोही जोडला आहे.