प्युरिटन पूर्वजाचा माग: आधी गावनोंदी की मृत्युपत्र?

१६३० च्या दशकात इंग्लंडहून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये उतरलेला प्युरिटन (कडव्या प्रोटेस्टंट पंथाचा) पूर्वज शोधायला बसले, की हात आधी गावाच्या जन्म-मृत्यू नोंदींकडे जातो. वेळ मोजका असेल तर मृत्युपत्रांचे दप्तर आधी उघडावे.

गावनोंदी सोयीच्या खऱ्या. बऱ्याच गावांच्या १८५० पर्यंतच्या नोंदी अकारविल्हे छापलेल्या आहेत; आडनाव धरून घराणे पटकन चाळून होते. पण नोंदी ठेवण्याचा कायदा आला १६३९ मध्ये, त्यामुळे आधीची मुले निसटतात. गावात दोन जॉन असले तर बाळ कोणत्या जॉनचे, हे अनेकदा कळत नाही. ‘सीनियर-ज्युनियर’ म्हणजे बापलेकच असेही नाही. काका-पुतणे असतील, नाहीतर एकाच नावाचे दोन परके.

त्यात तारखांचा घोळ. ‘१२ (११) १६४१’ दिसले की नोव्हेंबर वाचू नका. महिन्यांना मूर्तिपूजकांची नावे नकोत म्हणून प्युरिटन आकडे लिहीत, आणि पहिला महिना मार्च. म्हणजे अकरावा जानेवारी. वर्ष बदले २५ मार्चला, तेव्हा ही जानेवारी आपल्या हिशेबाने १६४२ ची. टिपताना ‘१६४१/४२’ असेच लिहा. नाहीतर मे १६४१ मध्ये लग्न झालेल्या जोडप्याचे मूल लग्नाआधी जन्मलेले दिसते, आणि नसलेल्या पहिल्या बायकोचा शोध सुरू होतो.

मृत्युपत्र नाती जुळवून देते: बायको, मुले, लेकींची सासरची आडनावे, सगळे एका कागदावर. जोडीला शेजाऱ्यांनी केलेली मालमत्तेची यादी. पिसांची गादी, पितळी हंडा, बंदूक, बायबल, प्रत्येकापुढे पौंड-शिलिंग-पेन्स. यादीत हातमाग निघाला तर विणकर जॉन कोणता ते उमगते. मृत्युपत्र न करताच वारला असेल तर वाटणीचा कागद पाहा; थोरल्या मुलाला दुप्पट वाटा मिळे.

शब्द मात्र फसवे. ‘कझिन’ म्हणजे बरेचदा पुतण्या किंवा भाचा, ‘सन-इन-लॉ’ सावत्र मुलगाही असतो. ‘नाउ वाइफ’ म्हणजे लिहितेवेळची बायको, एवढ्यावरून आधी दुसरी होती असे ठरत नाही. एखाद्या मुलाचे नावच नसेल तर जमिनीचे दस्त बघा, त्याचा वाटा बापाने हयातीतच दिलेला असू शकतो. जिल्हाही तेव्हाचा धरा. डेडहॅम गाव आज नॉर्फोक जिल्ह्यात आहे, पण तो जिल्हा १७९३ मध्ये निघाला; सतराव्या शतकातली मृत्युपत्रे सफोक जिल्ह्याच्या दप्तरात.

चर्चच्या वहीत बाप्तिस्मे मिळतील, लग्ने शोधू नका. ती न्यायाधिकारी लावत. आईबापांपैकी कोणीच चर्चचे सभासद नसेल तर सुरुवातीच्या काळात बाप्तिस्माही नसे. डीएनए चाचणीवर पैसे घालवायची घाई नको: बारा पिढ्यांमागच्या एका पूर्वजाचा वाटा सरासरी ४,०९६ त एक. बापाकडून मुलाकडे सरळ उतरलेल्या घराण्यात वाय गुणसूत्राची चाचणी तेवढी कामाची.

शोध बाईचा असेल तर क्रम उलटा. नवऱ्याआधी वारलेल्या बाईचे मृत्युपत्र सहसा नसतेच. तिथे गावनोंदीतली लग्नाची तारीख आधी धरावी आणि त्या परिसरात ज्यांना तेवढ्या वयाची लेक होती अशा बापांची मृत्युपत्रे एकेक करून वाचावीत.