‘होतंय की’ जर्मनांना कसे सांगावे? परदेशी शिष्टाचाराच्या दोन दिवसांच्या वर्गाविषयी

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींतून परदेशात कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतीव भाग, पाठवणारे कारखाने आता थोडेथोडके नाहीत. मात्र परदेशी ग्राहकाशी बोलावे कसे, त्याला जेवायला न्यावे कुठे आणि त्याच्या मौनाचा अर्थ काय लावावा, हे शिकण्याची सोय कोल्हापुरात सहसा मिळत नाही. म्हणूनच बाहेरगावच्या एका प्रशिक्षण संस्थेने शहरातील हॉटेलच्या सभागृहात असा वर्ग ठेवल्याचे कळताच मी स्वतःचे आणि आमच्याकडे डिस्पॅच सांभाळणाऱ्या सहकाऱ्याचे नाव नोंदवले. शुल्क माणशी 6,500 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. वर्गात फाउंड्रीवाले, म्हणजे ओतकामाचे कारखानदार, अधिक होते, इचलकरंजीचे दोघे कापड निर्यातदार होते आणि हुपरीहून चांदीच्या धंद्यातले एक गृहस्थ आले होते.

पहिल्या सकाळचा जपानविषयक भाग उत्तम झाला, हे आधी नोंदवतो. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी, अक्षरे समोरच्याला सुलट दिसतील असे द्यायचे. त्याचे कार्ड घेतल्यावर ते वाचायचे, बैठक संपेपर्यंत टेबलावर समोर ठेवायचे, त्यावर त्याच्यादेखत काही खरडायचे नाही आणि पँटच्या मागच्या खिशात तर मुळीच सारायचे नाही, हे प्रशिक्षकांनी जोड्या लावून करवून घेतले. आजवर प्रदर्शनांत आम्ही पत्ते वाटावेत तशी कार्डे वाटत आलो होतो. गंमत म्हणजे देवळात प्रसाद घेताना उजव्या हाताखाली डावा हात आपोआप धरणाऱ्या आम्हा मंडळींना हा रिवाज समजावून सांगावाच लागला नाही, फक्त कार्डाच्या वेळी तो आठवण्याची सवय नव्हती. बैठकीत दारापासून सर्वांत लांबची जागा पाहुण्यांतील ज्येष्ठाला द्यायची, हेही तसेच चटकन पटले.

भेटवस्तूंच्या चर्चेत वर्ग खऱ्या अर्थाने जागा झाला. एका उद्योजकाने चिनी पुरवठादाराला दिवाळीत कंपनीचे नाव छापलेले भिंतीवरचे घड्याळ पाठवले होते आणि तिकडून पोचसुद्धा का आली नाही, याचे त्याला वर्षभर कोडे होते. चिनी भाषेत ‘घड्याळ भेट देणे’ आणि ‘मरणाऱ्याला अखेरची सोबत करणे’ यांचे उच्चार सारखेच होतात, हे ऐकल्यावर त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. कोल्हापुरी चप्पल द्यावी का, हा प्रश्न अर्थातच निघाला. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले असल्याने आपल्याला तिचा अभिमान आहे; पण अरब देशांत पायताण आणि पायाचा तळवा ही अपमानाची खूण मानली जाते, तेव्हा तिकडच्या पाहुण्याला तिच्याऐवजी गुळाची सुबक पेटी द्यावी, असे शेवटी ठरले. अनेक युरोपीय व अमेरिकी कंपन्यांनी आपल्या नोकरांना भेट स्वीकारण्यावर मर्यादा घातलेली असते, त्यामुळे चांदीची वस्तू देण्याआधी विचारून घ्यावे, ही सूचना हुपरीच्या गृहस्थांना फारशी रुचली नाही, तरी ती योग्यच होती.

आता उणिवांकडे वळतो. आखाती देशांच्या तक्त्यात सर्वत्र शुक्रवार-शनिवार अशी सुट्टी दाखवली होती. संयुक्त अरब अमिरातीने जानेवारी 2022 पासून शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम अशी पद्धत स्वीकारली आहे. दुबईला माल पाठवणाऱ्या माणसाने जुन्या तक्त्यावर विसंबून कागदपत्रे पाठवली, तर दोन दिवस वाया जाणार. चूक दाखवल्यावर ती मान्य झाली, पण पैसे घेऊन वाटलेल्या पुस्तिकेत ती छापलेली आहेच. दुसरी गोष्ट अधिक बोचली. जर्मन भाषेत परक्या माणसाला आदरार्थी सर्वनामानेच संबोधावे, एकेरीवर येण्याचा प्रस्ताव वयाने किंवा अधिकाराने मोठ्या व्यक्तीकडून यावा, असे सांगणारे प्रशिक्षक साठी ओलांडलेल्या कारखानदारांना मात्र सरळ पहिल्या नावाने, मागे ना ‘राव’ ना ‘साहेब’, हाका मारत होते. ‘अहो-जाहो’ पाळणाऱ्या गावात हा धडा उलटाच पोहोचला.

काटा-चमच्याच्या सरावाला दुसऱ्या दिवसाची अख्खी दुपार गेली, आणि सूपही गार होते. तो वेळ आग्रहाच्या प्रश्नाला द्यायला हवा होता. आपल्याकडे ताट रिकामे दिसले की पांढऱ्या रश्श्याची वाटी पुन्हा भरली जाते आणि पाहुण्याचा पहिला नकार हा केवळ संकोच समजला जातो. जर्मन माणसाचे पहिलेच ‘नको’ मात्र शेवटचे असते. जपानी पाहुणा पुरे झाल्यावर पेला भरलेलाच ठेवतो, म्हणजे त्याची रीत आपल्याला कळण्याजोगी आहे. एकदाच विचारावे आणि थांबावे, एवढेच उत्तर मिळाले. कोल्हापूरकराला हे जमणे सर्वांत अवघड आहे, आणि तांबड्या रश्श्याआधी पाहुण्याला तिखटाची पूर्वकल्पना देण्याविषयी तर कोणीच बोलले नाही.

खरी गोष्ट एका पडद्यावर पाच मिनिटांत उरकली गेली. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी 1976 मध्ये मांडलेला एक भेद तिथे दाखवला: काही समाजांत अर्थ शब्दांत असतो, काहींत तो नाते, स्वर आणि प्रसंग यांतून समजून घ्यायचा असतो. आमच्या सगळ्या अडचणी याच जागी आहेत. ग्राहक फोनवर विचारतो की पॅटर्नमधील (ओतकामाच्या नमुना-साच्यातील) बदलासह नमुने तीन आठवड्यांत निघतील का, आणि आपला माणूस सहज म्हणतो, ‘होतंय की.’ त्याचा अर्थ ‘प्रयत्न करतो, नाही म्हणणे बरे दिसत नाही’ असा असू शकतो, हे शिरोलीत सर्वांना कळते. जर्मनीतील खरेदी अधिकारी मात्र ती तारीख टिपून ठेवतो. उलट जपानी ग्राहक ‘विचार करतो’ म्हणाला की तो बहुधा नकार असतो, आणि त्याचे ‘हाय’ हे अनेकदा संमती नसून केवळ ‘ऐकतो आहे’ एवढेच असते. ‘बघूया’ म्हणून विषय संपवणाऱ्या आपल्या माणसाला ही रीत मुळीच परकी नाही. म्हणजे जपानी लोकांपुढे आपल्याला वाकणे शिकवले गेले आणि जर्मनांपुढे स्पष्ट ‘नाही’ म्हणणे शिकवायचे राहिले. तोटा तर दुसऱ्याच ठिकाणी होतो. नकार लेखी कसा द्यावा, सोबत पर्यायी तारीख कशी सुचवावी, उशीर होणार असल्याचे किती आधी कळवावे, याचे एक-दोन नमुने मराठीतून समजावले असते, तरी शुल्क वसूल झाले असते.

प्रथमच प्रदर्शनासाठी परदेशी जाणाऱ्याने पहिल्या दिवसापुरता हा वर्ग जरूर करावा. एका दिवसाची वेगळी नोंदणी मात्र संस्था घेत नाही. ज्यांचे ग्राहक आधीच युरोपात आहेत, त्यांनी मालकापेक्षा फोन उचलणाऱ्या माणसाला पाठवावे. आमच्या सहकाऱ्याने परतल्यावर टेबलावर जर्मनीची वेळ दाखवणारे घड्याळ ठेवले असून, उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक आता त्याला तोंडपाठ आहे. ‘होतंय की’ अजून सुटलेले नाही. पण परवा फोन ठेवताना त्याने त्यापुढे एक तारीख जोडली, आणि ती कारखान्यात शॉपवर, म्हणजे उत्पादन विभागात, विचारून घेतलेली होती.